चढतं पाणी, उतरतं पाणी

पहिल्या दिवशी माझ्या हातात जे उपकरण आलं, ती प्लास्टिकची बादली होती. पांढरी, वीस लिटरची, उन्हाने आतली हवा तापू नये म्हणून बाहेरून चंदेरी कागद चिकटवलेला, काठाभोवती फोमचं कडं, बुडाला भोक पाडून बसवलेली बारीक नळी. ही बादली पाण्यावर उपडी ठेवायची. काठ तीन-चार सेंटिमीटर बुडाला पाहिजे आणि होडी हलता कामा नये. मग घड्याळ लावायचं, दर पाच मिनिटांनी सिरिंजने आतली हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची. वीस मिनिटं झाली की बादली उचलायची, हवा खेळू द्यायची, थोडं पुढे जाऊन पुन्हा उपडी घालायची. पाण्यातून मिथेन, म्हणजे हवेत जमून ती तापवणारा वायू, बाहेर पडत असेल तर कुपीगणिक तो वाढत गेलेला दिसतो. तो किती वेगाने वाढतो त्यावरून त्या जागेचं उत्सर्जन काढतात.

हे काम मी २०२३ च्या जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत केलं. जागा होती ब्राझीलमध्ये, मनाउस शहराच्या नैर्ऋत्येला, सोलिमोइस नदीच्या दक्षिण काठावरचं जानाउआका नावाचं तळं आणि त्याच्या भोवतीचं दरवर्षी बुडणारं जंगल. सोलिमोइस म्हणजे ॲमेझॉनच. मनाउसजवळ काळ्या पाण्याची रिओ नेग्रो येऊन मिळेपर्यंत ब्राझीलमधले लोक तिला या नावाने ओळखतात.

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळचा तो आकडा ५७ फुटांवर गेला तेव्हा आमच्या घराच्या जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्यात होत्या. पूर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीने मी मनाउसला उतरले. पण कृष्णेचा पूर आठ-दहा दिवसांत येऊन जातो. ॲमेझॉनचा पूर हा तिथला ऋतू आहे. मनाउसच्या बंदरावर १९०२ पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते. पाणी साधारण नोव्हेंबरपासून चढतं, जूनच्या सुमारास सर्वांत वर जातं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उतरतं. हा चढ-उतार दहा मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तीन मजली घराएवढा, आणि तो दरवर्षीचा. तिथल्या माणसांच्या बोलण्यात या चारही अवस्थांना वेगवेगळे शब्द आहेत. चढत्या पाण्याला एन्शेन्ची, भरलेल्याला शेया, उतरत्याला वाझान्ची, आटलेल्याला सेका. "तुमचा मुलगा कधी जन्मला?" असं विचारलं तर "त्या वर्षीच्या वाझान्चीत" असं उत्तर मिळतं.

गढूळ पाण्याच्या नदीकाठच्या या बुडित पट्ट्याला तिथे वार्झिया म्हणतात. मला त्यासाठी सर्वांत जवळचा वाटलेला शब्द म्हणजे आपली मळी. अँडीज पर्वतावरून आलेला गाळ दरवर्षी पसरणार, पाणी ओसरलं की त्यावर पेरणी होणार. आपल्याकडे धरणाच्या पोटात गाळपेर करतात तशीच.

मिथेन कसा तयार होतो हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. आमच्या मळ्यात गोबरगॅस होता. शेण कालवून टाकीत सोडायचं, आत हवा जाऊ द्यायची नाही, जंतू आपलं काम करतात आणि स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटते. थंडीत गॅस कमी यायचा, तेव्हा आजी म्हणायची, "टाकी गारठली." पूरपट्ट्यात नेमकं हेच घडतं. टाकीच्या जागी तळ्याचा गाळ आणि शेणाच्या जागी कुजलेलं गवत, पानं, शेवाळ. वरून पाण्याचं झाकण बसलं की गाळातला ऑक्सिजन संपतो. मग जंतू नायट्रेट वापरतात, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट. हे सगळं संपलं की मिथेन करणाऱ्या जंतूंची पाळी येते. म्हणजे जमीन बुडाली आणि दुसऱ्या दिवशी मिथेन सुटला, असं होत नाही. मध्ये बराच काळ जातो.

हा मधला काळ माझ्या पहिल्या दोन महिन्यांत आडवा आला. जानेवारीत पाणी चढत होतं. नदीचं ताजं, ऑक्सिजन असलेलं, तांबूस गढूळ पाणी गवताळ काठावर रोज वीत-दीड वीत पुढे सरकत होतं. मी बादल्या टाकत होते आणि कुप्यांमध्ये जेमतेम बाहेरच्या हवेइतकाच मिथेन सापडत होता. मी माझ्या मार्गदर्शक बाईंना म्हणाले, की या जागेत फार काही दिसत नाही, जागा बदलूया का? त्या तीसेक वर्षं याच तळ्यांमधून फिरलेल्या. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "तू अजून तळं पाहिलेलं नाहीस, फक्त जानेवारी पाहिलास."

फेब्रुवारीचं काम तर हातचं गेलं. कुप्यांची रबरी बुचं जुनी होती, पुन्हा पुन्हा सुई टोचून सैल झालेली. महिनाभराचे नमुने प्रयोगशाळेत आठवडाभर पडून राहिले आणि यंत्रावर चढवले तेव्हा बहुतेक कुप्यांत बाहेरची साधी हवा निघाली. मी बुचं तपासून घ्यायला हवी होती. ते नमुने पुन्हा घेणं शक्य नव्हतं, कारण तोवर ते गवत बुडून त्यावर चार हात पाणी आलं होतं. पाण्याची ती पायरी पुन्हा पाहायची तर वर्ष थांबावं लागतं. तेव्हापासून मी प्रत्येक कुपी आधी निर्वात करून घेऊ लागले आणि भरताना आत थोडा जास्तच दाब ठेवू लागले, म्हणजे गळालीच तर आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. एप्रिलपासून एक लेझरवर चालणारं यंत्रही मिळालं. ते बादलीला जोडलं की दर सेकंदाला आकडा दाखवायचं. त्या पडद्याकडे बघायची मला इतकी सवय लागली की झोपेतही ती रेघ दिसायची. मिथेन पाण्यातून हळूहळू झिरपत असेल तर रेघ एकसारखी वर जाते. खालून बुडबुडा आला तर ती एकदम पायरीसारखी उडी मारते.

मार्च-एप्रिलमध्ये गवत तरंगायला लागलं. तिथे त्याला कनाराना म्हणतात. पाणी चढतं तसं याचं खोड लांबत जातं, मुळं गाळात आणि शेंडा वर, आणि काही ठिकाणी अख्खी कुरणं सुटून वाहत जातात. उसासारखंच हे उन्हावर पोसणारं गवत. ब्राझीलच्या संशोधक मारिया तेरेझा पियेदादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची वाढ मोजली होती, ती हेक्टरी वर्षाला सुमारे १०० टन भरली, आणि तीही वाळवून केलेल्या वजनात. हे मी अप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते काही क्षण गप्पच झाले. एकरी चाळीस टन ऊस काढणारा शेतकरी आमच्याकडे मान ताठ करून चालतो, आणि तो ऊस ओला असतो. हे तेवढंच, पण वाळलेलं, खत नाही, लागवड नाही. अप्पा म्हणाले, "आणि ते सगळं तिथंच कुजतं?" होय, सगळं तिथंच कुजतं. त्यांनी एका वाक्यात माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सांगितलं.

याच कुरणांत मला ओळखीचं रोप भेटलं. जांभळी फुलं, फुगीर देठ. जलपर्णी. पंचगंगेवर आणि पुण्याच्या नदीवर जी पसरलेली पाहून आपण हळहळतो, तिचं हे माहेर. इथे ती इतर गवतात मिसळून असते, तिला खाणारे किडे, मासे, मनाटी नावाचे मोठे पाणप्राणी असतात, आणि पाणी उतरलं की ती चिखलात मरते. आपल्याकडे तिला कुणी खाणारं नाही, आणि पाणी दहा मीटर उतरून तिला सुकवतही नाही.

कुरणांत बादली टाकली की रेघ चढी असायची. गवताच्या खोडात पोकळ नळ्या असतात. मुळांना ऑक्सिजन पोचवायला त्या घडलेल्या, पण उलट दिशेने मिथेन त्यांच्यातूनच वर येतो. याउलट मोकळ्या तळ्यात, दहा मीटर पाणी असताना, रेघ जवळजवळ आडवी राहायची. मला ते कोडं वाटे. तळाच्या पाण्याचा नमुना काढला तर त्यात मिथेन भरपूर विरघळलेला, आणि वर काहीच नाही. मधल्या पाण्यात त्याला खाणारे जंतू असतात हे त्याचं उत्तर. खालून मिथेन वर येतो, वरून ऑक्सिजन खाली उतरतो आणि दोघांची गाठ पडते त्या थरात हे जंतू बसलेले असतात. पाणी जितकं खोल तितका मिथेनचा रस्ता लांब, आणि वाटेत खाल्ला जाण्याचा संभव मोठा.

म्हणून भर पुरात मोकळ्या तळ्यावरच बादल्या टाकणारा माणूस म्हणेल की इथे मिथेन नाही. शास्त्रज्ञांचीही काहीशी अशीच गल्लत पुष्कळ वर्षं झाली होती. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेतल्या लुसियाना गाट्टी २०१० पासून छोट्या विमानांतून ॲमेझॉनवरच्या हवेचे नमुने घेत आल्या आहेत. विमान साडेचार किलोमीटरवरून घिरट्या घेत झाडांच्या शेंड्यांजवळ उतरतं आणि वाटेत बाटल्या भरल्या जातात. त्या हवेवरून निघणारा मिथेन फार जास्त होता. खाली पाण्यावर आणि गवतात मोजलेला सगळा मिळवला तरी हिशेब जुळेना.

उरलेला मिथेन झाडांमधून येत होता. सुनीता पंगाला, व्हिन्सेंट गॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य ॲमेझॉनच्या पूरपट्ट्यात दोन हजारांहून जास्त झाडांच्या बुंध्यांवर मोजमाप केलं आणि २०१७ मध्ये ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. बुडालेल्या जंगलातली झाडं वर्षाला दीड ते दोन कोटी टन मिथेन सोडतात, असा त्यांचा अंदाज. संपूर्ण ॲमेझॉन खोऱ्याचा आकडा सव्वाचार कोटी टनांच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास निम्मा वाटा झाडांच्या बुंध्यांचा.

माझ्या कामाचा आवडता भाग हाच. जूनमध्ये मनाउसची पातळी २८ मीटरच्या वर गेली होती आणि आम्ही होडीतून झाडांच्या फांद्यांमध्ये फिरत होतो. खाली सात-आठ मीटरवर जमीन, जिथे जानेवारीत मी चालले होते. पाणी इतकं स्थिर की आभाळ कुठे संपलं ते कळत नव्हतं. तांबाकी नावाचा मोठा मासा झाडाखाली येऊन पाण्यात पडणाऱ्या फळांची वाट पाहत थांबतो. फळ पडल्याचा आवाज, मग फोडल्याचा कडाका. नावाडीकाका वल्हं आडवं धरून होडी बुंध्याला लावायचे आणि मी झाडाभोवती पारदर्शक प्लास्टिकची पट्टी गुंडाळून कडेने मऊ रबर दाबत बसायचे. पहिली पट्टी पाण्याच्या लगेच वर, दुसरी हातभर वर, तिसरी खांद्याइतकी. फांद्यांवर आगमुंग्यांचे गोळे चढलेले असत, पुरातून वाचण्यासाठी त्याही झाडावर आलेल्या. फुलशर्टाच्या बाह्या हातमोज्यांत खोचूनही त्या आत शिरायच्या.

पाण्यालगतच्या पट्टीत रेघ झपाट्याने चढायची, हातभर वर मंद, खांद्याच्या उंचीला जेमतेम. या उतरत्या पायऱ्यांवरूनच कळतं की वायू खालून आला आहे. मुळांभोवतीच्या पाण्यात विरघळलेला मिथेन मुळात शिरतो, खोडातल्या पोकळीतून वर चढतो आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून वाट मिळेल तिथे निसटतो. वर पोचेपर्यंत त्याचा बराचसा भाग संपलेला असतो. मुंगुबा नावाचं झाड मला विशेष लक्षात राहिलं. पुरात त्याची पानं गळालेली असतात आणि लालभडक फळं तेवढी लटकतात, फोडली की आत कापूस. आपल्या सावरीचं हे भाऊबंद. मला ओळख पटावी म्हणून मी त्याला हात लावायचे आणि "सावर" म्हणायचे. काकांनी तो शब्द उचलला. ऑगस्टपर्यंत ते लांबूनच हात करून सांगायचे, "मेनिना, सावार!" मेनिना म्हणजे पोरी.

आता एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे, कारण सुट्टीत सांगलीला आले तेव्हा ती मला निदान दहा जणांनी विचारली. झाडांतून मिथेन निघतो, मग झाडंच हवा बिघडवतात का? नाही. मिथेन झाड करत नाही, गाळातले जंतू करतात. झाड ही वाट आहे. झाड तोडलं तर गाळ तिथेच राहणार आणि वायू दुसरी वाट काढणार. शिवाय हा हजारो वर्षं चालत आलेला निसर्गाचा व्यवहार आहे. जगभरातून दरवर्षी हवेत जाणाऱ्या सुमारे साठ कोटी टन मिथेनपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळे येतो, तेल-वायूच्या विहिरी, कोळसा, जनावरं, भातशेती, कचऱ्याचे डोंगर यांतून. २०२४ मध्ये गॉसी यांच्याच गटाने दाखवलं की कोरड्या जमिनीवरच्या झाडांची साल, विशेषतः वरच्या उंचीवर, हवेतला मिथेन शोषून घेते. झाडाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला सहन होत नाही.

मग हे मोजायचं कशाला? कारण २००७ पासून हवेतला मिथेन पुन्हा वाढतो आहे आणि २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने मोजमाप सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी उडी घेतली. त्याच्या कार्बनची घडण तपासली तर ती जंतूंनी केलेल्या मिथेनकडे बोट दाखवते. उष्ण कटिबंधातल्या दलदली आणि पूरपट्टे, म्हणजे ॲमेझॉन, काँगो, दक्षिण सुदानातली नाईलची सुड दलदल, तापत्या हवेत जास्त वायू सोडू लागले आहेत का, हा प्रश्न आहे. हवा तापली म्हणून मिथेन वाढला आणि मिथेन वाढला म्हणून हवा तापली, असं चक्र असेल तर ते वेळेत कळलं पाहिजे. उपग्रह मदत करतात, पण ॲमेझॉनवर पावसाळाभर ढग असतात आणि झाडांच्या छपराखालचं पाणी साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी लांब लहरींचं रडार लागतं, जे पानांतून आरपार जाऊन बुंधा आणि पाणी यांच्यामधून परततं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह उडाला, त्यावर असं रडार आहे. मी ते उड्डाण पाहिलं आणि मला जूनमधलं ते जंगल आठवलं, जिथे वरून फक्त हिरवं दिसतं आणि खाली सगळं पाणी असतं.

जुलैच्या मध्यावर एक रात्र फार थंड गेली. दक्षिणेकडून कधी कधी गार हवेचा लोट येतो, त्याला फ्रियाझें म्हणतात. एरवी तळ्याचं वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड, त्यामुळे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. त्या रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसलं आणि तळाचं, ऑक्सिजन नसलेलं पाणी वर आलं. पहाटे कुबट वास सुटला होता आणि लहान मासे तोंड वर काढून हवा घोटत होते. यंत्रावरची रेघ मोकळ्या तळ्यातही चढत होती. दोन दिवसांनी ती पुन्हा आडवी झाली. आम्ही त्या रात्री योगायोगाने तिथे नसतो तर आमच्या वहीत ती घटना कधीच आली नसती.

मग पाणी उतरू लागलं.

काकांनी मला आधीच सांगितलं होतं, वाझान्चीत तळं उकळतं. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी वारा पडलेला असताना आम्ही उथळ भागात थांबलो आणि चहूकडे बुडबुडे फुटत होते, तांदळाच्या पातेल्याला आधण यावं तसे. दहा मीटर पाण्याचा भार म्हणजे तळावर हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब. तो भार असेपर्यंत वायू गाळात दबून राहतो. पाणी उतरलं की भार उतरतो आणि गोळीसोड्याची गोळी दाबल्यावर होतं तसं सगळं वर उसळतं. शिवाय पाणी आता उथळ, ऊन तळापर्यंत पोचतं, गाळ तापतो. आजीच्या भाषेत टाकी आता गारठलेली नव्हती. आणि बुडबुडा इतक्या वेगाने वर येतो की वाटेतल्या मिथेनखाऊ जंतूंना तो सापडत नाही.

बुडबुडे मोजायला बादली पुरत नाही, कारण ते कधी आणि कुठे येतील ते सांगता येत नाही. त्यासाठी मोठी नरसाळी पाण्याखाली उपडी टांगायची, वर खुणा केलेली बाटली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहायचं की किती वायू साठला. जूनमध्ये याच नरसाळ्यांत आठवड्याला काही थेंबांइतका वायू जमायचा. सप्टेंबरात एका रात्रीत बाटली भरत होती. मी काकांच्या अंगणात त्यांच्या नातीसमोर एका बाटलीचं तोंड उघडून काडी लावली. क्षणभर निळी ज्योत भडकली. १७७६ मध्ये आलेसांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी दलदलीतला वायू असाच गोळा केला आणि तो जळतो हे दाखवलं होतं. मला मात्र आमचं स्वयंपाकघर आठवलं. ती मुलगी म्हणाली, "अजून एक." आम्ही अजून तीन पेटवल्या.

एका वर्षात मिथेनने माझ्यासमोर इतक्या वाटा बदलल्या. चढत्या पाण्यात गवताच्या नळ्या, भर पुरात झाडांचे बुंधे, उतरत्या पाण्यात बुडबुडे. मी जानेवारीत जागा बदलली असती तर एक वाट माझ्या हाती लागली असती, आणि तीसुद्धा अर्धवट. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्याच्या जंगलात आम्ही तुलनेसाठी तीनदा गेलो. वाळूची जमीन, आम्ल पाणी, गाळ नाही, सगळे आकडे लहान. पण तिथेही ऋतूप्रमाणे वाटा बदलत होत्या.

सप्टेंबरच्या शेवटी पाणी उतरायचं थांबेना. अप्पा दर रविवारी विचारायचे, "काय गं, किती फुटांवर?" मी मीटरचे फूट करून सांगायचे आणि दर आठवड्याला आकडा खाली जायचा. पश्चिमेला तेफे तळ्यात पाण्याचं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं आणि शंभराहून जास्त डॉल्फिन मरून तरंगले. ती बातमी आली त्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी फारसं बोललं नाही. मनाउसवर वणव्यांचा धूर बसला होता, शाळेतली मुलं मास्क लावून जायची. ऑक्टोबरअखेर बंदरावर १२.७० मीटरची नोंद झाली. १९०२ पासून पाणी इतकं खाली कधी गेलं नव्हतं. (पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, तेही मोडून ते १२.११ वर आलं.) नद्यांच्या संगमाजवळच्या खडकांवर पूर्वी कुणी तरी कोरलेले माणसांचे चेहरे उघडे पडले. लोक ते बघायला जात होते. मी गेले नाही.

आमच्या तळ्यापर्यंत होडी जाईना. शेवटचे दोन किलोमीटर भेगाळलेल्या गाळावरून चालत जायचं, यंत्र पाठीवर. काकांचं तरंगतं घर चिखलावर टेकून तिरपं झालं होतं. प्यायचं पाणी डब्यांतून आणावं लागत होतं. दोन आठवडे आम्ही मोजमाप सोडून पाणीच वाहिलं, जाताना वीस लिटर आणि येताना रिकामे डबे. त्या काळात वहीची पानं कोरी आहेत आणि ती तशीच छापावीत असं मी बाईंना सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

उरलेल्या डबक्यांत पाणी पायाला चटका बसेल इतकं गरम होतं आणि त्यातून बुडबुडे सतत येत होते. डबक्याच्या काठापासून चार पावलांवर, जिथे गाळ सुकून तडकला होता, तिथे बादली दाबून बसवली तर रेघ सपाट. भेगांतून हवा आत गेली की मिथेन करणारे जंतू गप्प होतात आणि खाणारे कामाला लागतात. काही दिवस तर रेघ किंचित खालीच उतरायची. मुंगुबाच्या बुंध्यावर मी जूनमध्ये पट्टी बांधली होती ती खूण आता माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तिथवर पोचायला शिडी लागली असती. मी खाली, जमिनीलगत, नवी पट्टी बांधली. रेघ हलली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी शेवटची गेले. काका आणि त्यांची सून ओलसर गाळात काठीने भोकं पाडून कलिंगडाच्या बिया टाकत होते. पाणी परत येण्याआधी पीक निघायला हवं, म्हणून घाई होती. मी थोडा वेळ बिया टाकल्या. अप्पांना फोटो पाठवला, त्यांनी उलट विचारलं, "अंतर किती ठेवलंय दोन वेलांत?" काकांनी हात पसरून दाखवलं, मी तसं कळवलं. वरच्या अंगाला, जिथे पहिल्यांदा पाणी येणार, तिथल्या भेगांमधून कनारानाचे कोंब दोन-दोन बोटं वर आले होते. मी त्यांच्यात बादली ठेवून शेवटची वीस मिनिटं मोजली, कुप्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि बुचं पुन्हा एकदा दाबून पाहिली.